एक पातेलं आणि चार नाकं

*मावशी, मी ४३ वर्षांचा, घरून काम करतो आणि दोन वर्षांपासून घरातला स्वयंपाक माझ्याकडे आहे. बायकोच्या ड्युटीच्या वेळा बदलल्या तेव्हा मीच म्हणालो, मी करतो, त्यात काय एवढं. घरात आम्ही चौघं, मी, बायको, आई आणि सात वर्षांची मुलगी. सुरुवातीला मजा यायची. आता प्रॉब्लेम असा झालाय की माझं जेवण मलाच आवडत नाही. तासभर राबून ताट घेऊन बसलो की पुठ्ठा खाल्ल्यासारखं लागतं. मग मी मीठ वाढवतो, मसाला वाढवतो, तर मुलगी म्हणते तिखट, आई म्हणते "छान झालंय हं, पण..." आणि पणच्या पुढे काही बोलतच नाही, बायको मोबाईल बघत सगळं संपवते आणि काय खाल्लंस विचारलं तर तिला सांगता येत नाही. सकाळी काय करू विचारलं तर तिघींचं एकच उत्तर, काहीही. माझ्या हाताची चव गेली का? की मुळात नव्हतीच?*

*ता.क. दूध रोज उतू जातं. रोज. त्याचं काही आहे का?*

*– थकलेला डाव*

अरे थकलेल्या डावा,

तुझी सही वाचूनच आधी हसले, मग पत्र वाचलं आणि परत हसले, राग मानू नकोस. "त्यात काय एवढं" हे वाक्य मीही तीस वर्षांपूर्वी म्हटलं होतं आणि त्याचे हप्ते अजून फेडतीये.

पहिलं तुझं टेन्शन घालवते. तुझ्या हाताची चव कुठेही गेलेली नाही, तुझं नाक दमलंय. गंमत नाही करत, खरंच. आपण ज्याला चव म्हणतो ना त्यातलं जिभेला फार थोडं कळतं, गोड, आंबट, खारट, कडू आणि ते पाचवं, टोमॅटो-मश्रूममध्ये असतं तसलं मुरलेलं, ज्याला जपानी लोक उमामी म्हणतात. बाकी सगळं, म्हणजे हे जिरं आहे का धणे, आलं आहे का लसूण, ते नाकाचं काम. खरं वाटत नसेल तर आत्ता उठ, नाक दाबून चिमूटभर बडीशेप चाव. नुसतं काहीतरी गोडसर लागेल, बडीशेप आहे का काय आहे कळणार नाही. मग नाक सोड, एकदम सगळी बडीशेप तोंडात येईल. मुलीला पण करायला लाव, माझ्या नातवाने हा खेळ इतक्यांदा खेळला की माझी बरणी संपली.

आता नाकाची खोड काय आहे सांगते. नाकाला नवीन वासाशी घेणंदेणं असतं, तोच वास सारखा येत राहिला की ते त्याची दखल घेणं सोडून देतं. सकाळी अंगाला अत्तर लावलं की दहा-पंधरा मिनिटांनी ते आपल्याला येईनासं होतं आणि लिफ्टमधल्या माणसाला मात्र घेरी येत असते, ते हेच. तू तासभर फोडणीच्या, कांद्याच्या, वाफेच्या मधोमध उभा असतोस, शिवाय दर दोन मिनिटांनी चमचा तोंडात, म्हणजे तू टेबलावर बसेपर्यंत तुझ्या नाकाने ते जेवण एकदा जेवून हात धुतलेले असतात. आणि मग तू त्याला म्हणतोस सांग कसं झालंय, ते बिचारं काय सांगणार, पुठ्ठा.

म्हणून तर दुसऱ्याने केलेला साधा चहाही अमृत लागतो. त्याच्या हाताला काही वेगळी जादू असते असं नाही, तो उकळताना आपण तिथे नव्हतो एवढंच. आयत्या ताटाची चव म्हणतात ती निम्मी ही आणि निम्मी ओटा पुसावा लागला नाही याची. (दुसरा निम्मा भाग जास्त मोठा आहे असं माझं वैयक्तिक मत.)

तर उपाय असा की गॅस बंद केल्यावर लगेच ताट वाढून घ्यायचं नाही. पंधरा मिनिटं स्वयंपाकघराच्या बाहेर जा, गॅलरीत उभा राहा, जिना उतरून चढ, तोंड धू, शर्ट बदल कारण अर्धा वास त्याच्यातच बसलेला असतो, खिडकी उघड. तोवर बाकीच्यांना पानं घेऊ दे, पाणी भरू दे, तेवढं येतं सगळ्यांना. मग ये. आणि दुसरं, चव बघायची ती दोनदाच, एकदा मध्यावर आणि एकदा शेवटी, आणि चमच्यातलं फुंकर मारून गार करून. उकळतं तसंच जिभेवर घेतलं तर भाजण्यापलीकडे काही कळत नाही.

मला हे कळलं नव्हतं तेव्हाची गोष्ट सांगते. कित्येक वर्षं मी शेवटच्या घडीला चव बघून "अळणी आहे" म्हणून अर्धा चमचा मीठ वरून टाकायचे आणि पाहुणे जेवताना दोन-दोन तांबे पाणी प्यायचे. मला वाटायचं उकाडा आहे. थंडीतही वाटायचं.

बरं, मिठाचा विषय निघालाच आहे तर एक हिशोब ध्यानात ठेव, कारण तू मिटिंगच्या मधे गॅस लावून जाणारा माणूस दिसतोस. समज १ लिटर रश्शात तू १० ग्रॅम मीठ घातलंस, म्हणजे साधारण १ टक्का, बरोबर लागतं. मग तुझा कॉल लांबला आणि रस्सा आटून अर्धा लिटर झाला. पाणी उडालं, मीठ कुठे उडत नाही, ते आता २ टक्के झालं. समुद्राचं पाणी साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतं, म्हणजे तू अर्ध्याहून जास्त वाट चालून गेलास. आटणारं काही असेल तर सुरुवातीला हात आखडता ठेवायचा आणि उरलेलं शेवटी.

आणि खारट झालंच तर कुणीतरी येऊन सांगेल की बटाटा टाका, बटाटा मीठ ओढून घेतो. बटाटा खारट पाणी पितो, त्यातलं मीठ वेगळं काढून पीत नाही. पातेल्यात जे उरतं ते तितकंच खारट असतं, फक्त कमी असतं आणि वर एक खारट बटाटा असतो. उपाय एकच, बिनमिठाचं काहीतरी वाढव, पाणी, शिजलेली डाळ, दूध-दही जे शोभेल ते, आणि वर लिंबू पिळ. लिंबाने मीठ कमी होत नाही पण जिभेचं लक्ष दुसरीकडे जातं. हे मी पण तीस वर्षांत बटाट्याचे तीन-चार डझन बळी देऊन शिकले.

आता तुझ्या घरच्या बाकी तीन नाकांकडे येते, कारण तुला वाटतंय की तू एका स्वयंपाकात चौघांना नापास होतोयस, तसं नाहीये, तिथे चार वेगवेगळे पेपर आहेत.

आईचं "छान झालंय हं, पण". वय झालं की नजर अधू होते, कान मंद होतात, तसंच नाकाचंही होतं, साठीनंतर हळूहळू, आणि कुणी त्याला चष्मा देत नाही त्यामुळे माणसाला स्वतःलाही कळत नाही, वाटतं हल्लीच्या भाज्यांनाच काही चव राहिली नाही. काही औषधांनीही तोंडाची चव बदलते. त्यामुळे तुझ्या आईचा तो "पण" बऱ्याचदा तुझ्या स्वयंपाकाबद्दल नसतोच, तिला आठवत असलेली चव तिला सापडत नसते. पण म्हणून मीठ वाढवायचं नाही हं. मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ असावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा, आणि तो सगळ्या दिवसाचा, बिस्किटं-ब्रेडमधलं धरून. तिच्या पानात वास वाढव. वरून ताजी कोथिंबीर, कच्चं आलं किसून, लिंबू, भाजलेल्या जिऱ्याची पूड, आणि जेवण गरम असू दे म्हणजे वास वर येतो. माझ्या सासूबाईंचा पण माझ्या स्वयंपाकात "पण" असायचा. मी सतरा वर्षं तो मनाला लावून घेतला. शेवटी एकदा धीर करून विचारलं, पण काय? तर म्हणाल्या, "पण गार झालंय." एवढंच होतं. सतरा वर्षं, अरे.

तेव्हा तू आधी विचारून घे.

मुलीचं तिखट. तिला नाटकी म्हणू नकोस. तिखट ही मुळात चवच नाही, तो चटका आहे. मिरचीतलं कॅप्सायसिन तोंडातल्या ज्या जागी जाऊन चिकटतं ती जागा खरंतर गरम काय ते ओळखायला असते, त्यामुळे मेंदूला वाटतं तोंड भाजलं. डेव्हिड ज्युलियस नावाच्या शास्त्रज्ञाने ही मिरचीच वापरून ती जागा शोधून काढली आणि २०२१ चं नोबेल त्याला मिळालं (दुसऱ्या एकाबरोबर वाटून). तू आणि मी रोज खाऊन खाऊन निर्ढावलोय, तिची जीभ कोरी आहे. तिखट लागलं की पाणी देऊ नकोस, ते कॅप्सायसिन पाण्यात विरघळत नाही, तोंडभर पसरतं नुसतं. दूध दे नाहीतर दही दे. आणि सोपं म्हणजे तिचा वाटा मसाला घालायच्या आधी काढून घे, एक वाटी जास्त घासावी लागेल, लागू दे.

नवी भाजी ती पहिल्यांदा ढकलून देईल, दुसऱ्यांदा देईल, चौथ्यांदा पण देईल. कडू मुलांना मोठ्यांपेक्षा जास्त लागतं, आणि एखादा पदार्थ ओळखीचा व्हायला आठ-दहा वेळा तरी समोर यावा लागतो, कधी त्याहून जास्त. एकच घास, जबरदस्ती नाही, भाषण तर अजिबात नाही. माझी मुलगी दोडका बघून टेबलाखाली जायची, आता फोन करून दोडक्याची रेसिपी विचारते आणि मी सांगताना फार भाव खाते.

आणि तुझी बायको, अरे ती तर तुझी सगळ्यात चांगली गिऱ्हाईक. ड्युटी करून भुकेली येते, तिचं नाक दिवसभर बाहेर होतं, दारातून आत आल्यावर तिला जो वास येतो तो तुला कधीच येणार नाही. मोबाईल बघत जेवलं की काय खाल्लं ते नंतर नीट आठवत नाही, त्यात तुझ्या भाजीचा काही दोष नाही. मोबाईल बंद कर असं सांगून बघायचं असेल तर बघ, मी सांगितलं होतं, आमच्याकडे तेव्हापासून दोघंही टीव्ही बघत जेवतो. त्यापेक्षा ती दारात चप्पल काढत असतानाच तिला विचार, कसला वास येतोय? ओळख बघू. आमच्याकडे हे चाललं, ह्यांना तो खेळच वाटायला लागला, एकदा म्हणाले कपडे इस्त्री करतीयेस का, कांदा करपला होता.

करपण्यावरून आठवलं, तुझा तो शेवटचा प्रश्न, मुळात चव नव्हतीच का. ह्याचं उत्तर तुझ्या कांद्याच्या रंगात आहे. रेसिपीत लिहिलेलं असतं पाच मिनिटं परता, लाल होईल. पाच मिनिटांत कांदा लाल होत नाही, पाच मिनिटांत तो घामाघूम होतो फक्त. कांद्यात पाणी भरपूर, आणि पाणी आहे तोवर पातेल्यातली गरमी १०० अंशांच्या वर फारशी जात नाही, लालपणा येतो तो त्याच्या बराच वर, पाणी उडून गेल्यावर. साखर आणि प्रथिनांचे घटक तापून एकमेकांशी भिडतात आणि त्यातून तो रंग आणि तो खमंग वास तयार होतो, मायार नावाच्या फ्रेंच माणसाने १९१२ मध्ये हे पहिल्यांदा नीट लिहून ठेवलं म्हणून त्याच्या नावाने ओळखतात. पोळीवरचे डाग, भाजलेले दाणे, ब्रेडचा कडक पापुद्रा, सगळी त्याचीच कमाई. तर मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटं धरून चाल. तुला कॉल घ्यायचा असेल तर घे पण कॅमेरा बंद ठेवून ओट्याशी उभा राहून घे, बोलताना एक हात मोकळाच असतो. मी हाताची चव म्हणतात त्यावर फार विश्वास ठेवत नाही, ज्या बायकांच्या हाताला चव आहे म्हणतात त्या सगळ्या मी बघितल्यात, त्या कांदा परतताना दुसरं काही करत नाहीत, गप्पा सोडून.

एक मात्र सिरियसली सांगते. दुसऱ्याच्या हातचं, हॉटेलातलं, आईने केलेलं सुद्धा तुला पुठ्ठ्यासारखं लागत असेल आणि हे बरेच आठवडे चाललं असेल तर मग हा दमलेल्या नाकाचा मामला नाही, डॉक्टरला दाखव. सर्दी-तापानंतर वास जाऊ शकतो, बाकीही कारणं असतात. फक्त स्वतःचंच नकोसं वाटत असेल तर तू आमच्यातलाच एक, वेलकम.

ते पडताळून पाहायचं असेल तर आज केलेलं थोडं फ्रीजमध्ये ठेव आणि उद्या सकाळी काही शिजवायच्या आधी गरम करून खा. नाक ताजं असतं, मसाला रात्रभर मुरलेला असतो, तुला वाटेल हे केलं कुणी. मी माझ्या स्वयंपाकाचं खरं कौतुक दुसऱ्या दिवशी अकरा वाजता एकटी उभ्याने पातेल्यातूनच खाताना केलेलं आहे. भात मात्र रात्रभर ओट्यावर राहू देऊ नकोस, तासाभरात, फार तर दोन तासांत गार करून फ्रीजमध्ये गेला पाहिजे. शिजल्यावरही त्यात काही जिवाणूंचे बीजाणू तग धरून असतात, भात बाहेर राहिला की ते वाढतात आणि त्यांचं एक विष असं आहे की नंतर कितीही गरम केलं तरी जात नाही.

राहिलं ते "काहीही".

हे मी शेवटी ठेवलं कारण माझा राग अजून गेलेला नाही. काहीही म्हणजे काही पण चालेल असा अर्थ तू धरलास तिथेच चुकलास. काहीही म्हणजे "तू ठरव, मग मी सांगते हे नको होतं". तुला स्वयंपाकाने जेवढं दमवलं नसेल तेवढं ह्या ठरवण्याने दमवलंय, बघ विचार करून, गॅस पेटवला की तसं बरं वाटतं, त्याच्या आधीची ती फ्रीज उघडून उभं राहायची पाच मिनिटं असतात ना ती खरी जीवघेणी. तर हा प्रश्न विचारायचाच नाही. काय करू असं विचारायचं नाही, वांगी का कोबी असं विचारायचं. दोनच. परीक्षेत सुद्धा चार पर्याय असतात, इथे दोन. आणि कुणी तरीही काहीही म्हणालं तर दोन्हीतलं तुला जे नावडतं ते कर, एकदाच कर, पुढच्या वेळी उत्तर येतं.

ते जमत नसेल तर वार लावून टाक. आमच्याकडे बुधवारी अंडी आणि शुक्रवारी खिचडी, हे इतकी वर्षं चाललंय की अंड्यांवरून वार कळतो. बोअर होईल म्हणतोस? चहा रोज तोच पितोस की. आणि आठवड्यातून एक दिवस कागदावर नाव लिही, बायको, आई, मुलगी, ज्याचं नाव त्याने ठरवायचं, करायचं तूच. सात वर्षांच्या मुलीने ठरवलेला मेनू खायला लागेल कधीतरी, बटाटा आणि बटाटा, पण ती त्या दिवशी तिखट म्हणणार नाही याची गॅरंटी माझी.

आता दूध. दुधावर साय धरते, तापताना पण धरते, प्रथिनं आणि स्निग्धांशाचा एक पापुद्रा, आणि खालून वाफेचे बुडबुडे येतात ते त्याच्याखाली अडकतात, साठत जातात आणि मग एकदम सगळं छप्पर उचलून वर येतं. पाण्याचं असं होत नाही कारण पाण्यातले बुडबुडे येतात नि फुटून मोकळे होतात. म्हणून तू बघत असतोस तेव्हा दूध तासभर शांत बसलेलं असतं आणि वळलास की तीस सेकंदात ओट्यावर. पातेल्यावर आडवा लाकडी चमचा ठेवला तर वर येणारा फेस त्याला लागून थोडा फुटतो, पण त्याने फक्त धावत यायला वेळ मिळतो, फोनवर बोलायला नाही. गॅस बारीक ठेव, अधूनमधून ढवळ, आणि खरा उपाय म्हणजे मोठं पातेलं घे, निम्म्याच्या वर भरायचं नाही. मी आणलं होतं मुद्दाम, चांगलं तीन लिटरचं. पहिले चार दिवस काही सांडलं नाही. मग मला वाटलं एवढं मोठं पातेलं आहे तर दोन्ही वेळचं दूध एकदमच तापवून टाकावं.

– तुझी मावशी